कोर्स तयार झाला, शिकलं कोण?

इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे शिकवण्याची आखणी करण्याचं शास्त्र आणि कसब. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते आणि तिच्या शेवटी पुष्कळ ठिकाणी प्रबंधाऐवजी कॅपस्टोन प्रकल्प करावा लागतो. एखादी खरी संस्था गाठायची, तिथल्या माणसांचं काम नेमकं कुठे अडतं ते शोधायचं, त्यावर प्रशिक्षण आखून तयार करायचं, काही जणांवर ते वापरून पाहायचं आणि या सगळ्याचा अहवाल परीक्षकांपुढे मांडायचा, असं त्याचं साधारण स्वरूप असतं. पुण्या-मुंबईत परदेशी ग्राहकांसाठी ई-लर्निंग बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच वर्षांपासून आहेत. स्टोरीबोर्ड, मॉड्यूल, एसएमई (विषयतज्ज्ञ), व्हॉइसओव्हर हे तिथे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला अगदीच परका नाही. प्रश्न असा की हा प्रकल्प पुरा झाला असं कधी म्हणायचं? सगळ्यांच्या नजरेत भरतं ते मधलं काम: सुबक स्क्रीन, नेटका आवाज, चित्रं, शेवटची प्रश्नमंजूषा. ते तयार झालं की विद्यार्थ्याला सुटल्यासारखं वाटतं आणि परीक्षकही बहुधा तेच पाहतात. पण या कामाचा खरा कस दोन टोकांना लागतो. एक टोक सुरुवातीचं, म्हणजे प्रशिक्षणाची गरज मुळात आहे का हे तपासण्याचं. दुसरं शेवटाकडचं, म्हणजे तयार केलेलं साहित्य शिकणाऱ्यासमोर ठेवून, ते कुठे फसतं ते पाहून पुन्हा बांधण्याचं. ही दोन टोकं कच्ची राहिली तर मधला भाग कितीही देखणा असला तरी प्रकल्प अर्धाच झालेला असतो.

याला आधार या विषयाच्या जन्मकथेतच सापडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो साध्या तरुणांना थोड्या दिवसांत विमानं, तोफा आणि रेडिओ हाताळायला शिकवायचं होतं. त्या कामाला अनेक मानसशास्त्रज्ञ जुंपले गेले. रॉबर्ट गान्ये त्यांपैकी एक. युद्धानंतरही ते बरीच वर्षं हवाई दलाच्या प्रशिक्षणावर संशोधन करत होते. सराव द्या, बरोबर उत्तराची लगेच पावती द्या, हे प्रयोगशाळेत सापडलेले शिकण्याचे नियम प्रत्यक्ष प्रशिक्षणात किती कामाला येतात, याचा हिशेब त्यांनी १९६२ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात मांडला. तोफेचा नेम धरणं, पॅनेलवरची बटणं ठरलेल्या क्रमाने दाबणं, बिघडलेल्या यंत्रातला दोष हुडकणं, अशी कामं त्यांनी तपासली होती. या नियमांचा उपयोग तिथे बेताचाच होतो, असं त्यांना दिसलं. जास्त फरक पडत होता तो कामाची फोड करण्याने: हे काम नेमकं कोणत्या लहान कामांचं बनलं आहे, त्यातलं शिकणाऱ्याला आधीपासून काय येतं, आणि उरलेलं कोणत्या क्रमाने शिकवलं तर पुढचं सोपं जातं. बटण दाबायला कोणालाच शिकवावं लागत नाही. शिकायचा असतो तो क्रम. एवढं ध्यानात आलं की प्रशिक्षणाचे कितीतरी तास आपोआप गळून पडतात. पुढे संगणक आले, इंटरनेट आलं, पण ही फोड करण्याला पर्याय निघालेला नाही.

फोड करता करता कधी असंही निष्पन्न होतं की इथे शिकवण्याची गरजच नाही. रॉबर्ट मेजर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली एक पुस्तकच या प्रश्नावर लिहिलं. त्यांची कसोटी साधी होती: त्या माणसाचा जीव पणाला लागला तर त्याला हे काम करता येईल का? येत असेल, तर अडचण ज्ञानाची नाही आणि वर्ग घेऊन ती सुटणार नाही. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ साली ‘ह्यूमन कॉम्पिटन्स’ या पुस्तकात हाच विचार पुढे नेला. माणसाचं काम बिघडण्याची कारणं त्यांनी दोन बाजूंना वाटली. एका बाजूला त्याला मिळणारी माहिती, साधनं आणि मोबदला. दुसऱ्या बाजूला त्याचं स्वतःचं ज्ञान, कुवत आणि इच्छा. पहिल्या बाजूचे दोष दुरुस्त करायला सोपे आणि स्वस्त असतात, म्हणून आधी तिकडे पाहा, असं त्यांचं आग्रहाचं सांगणं होतं. संस्था मात्र माणसालाच दुरुस्त करायला निघतात, कारण प्रशिक्षण जाहीर करणं सोपं असतं आणि त्यात वरच्या कोणाची चूक कबूल करावी लागत नाही.

या विचाराचा सर्वांत सुंदर पुरावा महाराष्ट्रातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या दाईला बाळाच्या श्वासांचा वेग ओळखता येणं गरजेचं होतं. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल तर ते धोक्याचं लक्षण मानलं जातं. त्याहून मोठ्या तान्ह्या बाळासाठी हा आकडा पन्नास आहे. पण बऱ्याच दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नव्हती. सरळ उपाय दिसतो तो साठपर्यंत मोजायला शिकवण्याचा. सर्चने त्याऐवजी मोजण्याचं साधनच बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्याजवळ मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला तर बाळाचा श्वास जास्त वेगाने चालला आहे. दाईला जे येत होतं, दहापर्यंतची मोजणी, त्यावरच हे साधन उभं आहे. पुढे सर्चने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, आणि हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्या यशाचं श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देणं चूक ठरेल. औषधं होती, नियमित देखरेख होती, गावाचा विश्वास होता. कॅपस्टोन करणाऱ्याने शिकण्यासारखं आहे ते नेमकं हेच: प्रशिक्षण हा उपायाचा एक तुकडा असतो, आणि तो केवढा असावा हे बाकीचे तुकडे पाहिल्याशिवाय ठरत नाही.

कॅपस्टोनच्या पातळीवर हे कसं दिसेल? समजा एका नागरी सहकारी बँकेची शाखा विद्यार्थ्याकडे तक्रार घेऊन आली की खातं उघडण्याचे फॉर्म मुख्य कार्यालयातून सारखे परत येतात, तेव्हा काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी केवायसीचं एक मॉड्यूल करून द्या. घाईत असलेला विद्यार्थी लगेच नियमांची पुस्तिका मागवेल आणि स्टोरीबोर्ड लिहायला बसेल. सावध विद्यार्थी परत आलेले फॉर्म मागेल. ते टेबलावर पसरून, कशासाठी परत आले त्याप्रमाणे त्यांचे गठ्ठे लावेल. एका गठ्ठ्यात नॉमिनीचा रकाना कोरा आढळला, तर तो फॉर्मवर कुठे छापला आहे ते पाहायला हवं. तो मागच्या पानावर तळाशी असेल आणि काउंटरवर रांग लागलेली असताना पान उलटायचं राहून जात असेल, तर नॉमिनी म्हणजे काय हे कर्मचाऱ्याला वीस मिनिटं समजावून काही साधणार नाही. रकाना पुढच्या पानावर, सहीच्या वर आणणं हा तिथला उपाय. दुसरा गठ्ठा नावं न जुळण्याचा. आधारवर माहेरचं आडनाव, पॅनवर सासरचं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. इथे मात्र खरा निवाडा करावा लागतो. कोणता फरक चालतो, कोणत्या फरकाला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत लागते, आणि कोणत्या वेळी ग्राहकाला परत पाठवावं लागतं, हे अनुभवी कर्मचाऱ्याला समजतं, नव्याला समजत नाही. हा गठ्ठा प्रशिक्षणाचा. ‘केवायसी’ एवढ्या ढोबळ विषयातून प्रकल्पाला पेलेल एवढा तुकडा असा हाती येतो. परत आलेल्या फॉर्मचे हे दोन गठ्ठे मला कुठल्याही चकचकीत स्क्रीनपेक्षा जास्त मोलाचे वाटतात, कारण पुढचं सगळं बरोबर दिशेने जाणार की नाही ते इथेच ठरतं.

तुकडा हाती आला की उद्दिष्ट लिहिणं सोपं होतं. मेजर यांनी १९६२ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात सांगितलं होतं की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती अचूक. ‘कर्मचाऱ्यांना केवायसीचं महत्त्व कळेल’ या वाक्यात तिन्हींपैकी एकही नाही. ‘आधार आणि पॅनच्या झेरॉक्सच्या दहा जोड्या समोर ठेवल्यावर, कोणालाही न विचारता, कोणती जोडी चालेल, कोणत्या जोडीला जास्तीचा कागद लागेल आणि कोणती नाकारायची, हे निदान नऊ जोड्यांत बरोबर सांगेल’ या वाक्यात तिन्ही आहेत. शिवाय परीक्षा कशी घ्यायची हेही त्यातच आलं, आणि सराव कशाचा द्यायचा हेही. उद्दिष्टांची अशी बांधीव भाषा शिकण्याचा जीव घोटते, असा आक्षेप जुना आहे आणि कविता किंवा इतिहास शिकवताना त्यात तथ्यही आहे. कवितेचं आकलन दहापैकी नऊ गुणांत बसत नाही. काउंटरवरचं काम मात्र रोज बरोबर किंवा चूक ठरत असतं, आणि तिथे मोघम लिहिण्याचा भुर्दंड ग्राहकाला दुसऱ्या फेरीच्या रूपाने पडतो.

मधल्या कामाबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्याची पुस्तकं भरपूर आहेत. रिचर्ड मेयर यांच्या अनेक प्रयोगांतून दिसलं आहे की विषयाला धरून नसलेली चित्रं, संगीत आणि रंजक किस्से घातल्याने शिकणं घटतं, आणि चित्राचं निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावर जसेच्या तसे छापल्याने मदत होण्याऐवजी अडथळाच होतो. म्हणजे मधलं काम चांगलं करणं हे बरंचसं वगळण्याचं काम आहे. कोर्स बनवण्याच्या उपकरणांवर हात बसायला हवा, त्याबद्दल वाद नाही.

आता दुसरं टोक. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे केले: काम चालू असताना ते सुधारण्यासाठी केलेलं, आणि काम संपल्यावर त्याची किंमत ठरवण्यासाठी केलेलं. कॅपस्टोनमध्ये बहुतेकदा दुसरंच होतं, तेही घाईघाईत. पहिल्यात किती ताकद आहे, हे ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या कार्यक्रमाच्या जडणघडणीत दिसतं. कार्यक्रम सुरू होण्याआधी, १९६९ च्या उन्हाळ्यात, तासाभराचे पाच चाचणी भाग तयार करून फिलाडेल्फियातल्या मुलांना दाखवले गेले. एडवर्ड पामर या संशोधकाने मुलांचं लक्ष मोजण्याची एक युक्ती काढली होती. दूरचित्रवाणी संचाशेजारी दुसरा पडदा ठेवायचा, त्यावर दर काही सेकंदांनी नवीन चित्र उमटत राहायचं, आणि मुलाची नजर कोणत्या क्षणी तिकडे वळते ते टिपायचं. रस्त्यावरचे प्रसंग सुरू झाले की मुलांची नजर हमखास ढळत होती. त्या प्रसंगांत फक्त माणसं होती, कारण खरं आणि काल्पनिक यांची सरमिसळ केली तर मुलं गोंधळतील, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. निर्मात्यांनी तो सल्ला बाजूला ठेवला आणि बाहुल्या रस्त्यावर आणल्या. बिग बर्ड आणि ऑस्कर ही पात्रं त्यातून आली आणि १० नोव्हेंबर १९६९ ला पहिला भाग प्रक्षेपित झाला. तज्ज्ञ चांगले होते, हेतू चांगला होता, पैसाही होता. तरी कार्यक्रमाची सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती मुलांच्या नजरेने सुचवली. चाचणी न घेता तेच भाग प्रसारित झाले असते तर हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

एवढा पसारा विद्यार्थ्याला परवडणार नाही, पण त्याची गरजही नाही. वॉल्टर डिक आणि लू कॅरी यांच्या १९७८ सालच्या पाठ्यपुस्तकाने चाचणीच्या तीन पायऱ्या रूढ केल्या: आधी एकेका माणसाशेजारी बसून, मग लहान गटात, शेवटी प्रत्यक्ष कामाच्या जागी. वेळ कमी असेल तर पहिली पायरी कधीही गाळू नये. बँकेच्या उदाहरणात याचा अर्थ असा, की मॉड्यूलचा कच्चा खर्डा घेऊन एका कर्मचारी ताईंच्या शेजारी बसायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलत चला असं त्यांना सांगायचं, आणि आपण तोंड बंद ठेवायचं. समजा खर्ड्यात आधार एका स्क्रीनवर आहे आणि पॅन पुढच्या. त्या पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात, आणि मग शेजारच्या कागदाच्या चिठोऱ्यावर आधारवरचं नाव लिहून घेतात. काउंटरवर दोन्ही झेरॉक्स शेजारी शेजारी असतात. मॉड्यूलने त्या तोडल्या आणि नाव लक्षात ठेवण्याचं जास्तीचं काम त्यांच्यावर टाकलं. त्या चिठोऱ्यात दुरुस्तीची दिशा स्पष्ट आहे: दोन्ही कागद एकाच स्क्रीनवर आणा. हे कोणत्याही अभिप्राय फॉर्ममधून हाती लागलं नसतं, कारण त्या ताईंनाही आपण चिठोरा वापरला यात काही वेगळं घडल्याचं जाणवलं नसतं. विचारलं असतं तर ‘छान आहे, सोपं आहे’ असंच उत्तर आलं असतं.

‘छान आहे’ या उत्तरावर विसंबू नये, याला भक्कम पुरावा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून पुढच्या तीन वेळी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्याला हे लक्षात राहील असा जास्त भरवसा कोणाला होता? नुसतं वाचणाऱ्यांना. २०१९ साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः गणितं सोडवत शिकणारे विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण जास्त शिकलो असं वाटत होतं ते उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्यांना. म्हणजे शिकल्याची भावना आणि शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधी त्या उलट दिशांना जातात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासूनच्या लेखांत प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या: कसं वाटलं, काय शिकलं, कामात काय बदललं, संस्थेला काय मिळालं. ज्या कॅपस्टोनचा सगळा पुरावा पाचपैकी साडेचार तारे एवढाच आहे, तो पहिल्या पातळीवरच थांबलेला असतो. दहा झेरॉक्सच्या जोड्या आधी एकदा आणि मॉड्यूलनंतर आठवड्याने पुन्हा सोडवून घेतल्या तर दुसरी पातळी गाठता येते. त्याला खर्च जवळजवळ नाही.

यावर अभ्यासू माणसाचा पहिला आक्षेप असतो की चार-पाच जणांवर घेतलेल्या चाचणीतून काय सिद्ध होणार? काहीच सिद्ध होत नाही, हे खरं, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायला हवं. पाच माणसांच्या गुणांची टक्केवारी काढून आलेख रंगवणं ही वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. पण या चाचणीचा हेतू सिद्ध करण्याचा नसतोच. दोष शोधण्याचा असतो. संगणकीय पडद्यांच्या वापराचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी दाखवलं होतं की पहिल्या पाच वापरणाऱ्यांतच बहुतांश अडचणी उघड होतात. हा हिशेब सरासरीवर उभा आहे आणि गुंतागुंतीच्या कामात तो कमी पडतो, असं नंतरच्या संशोधकांनी म्हटलं आहे. तरी एका माणसाला अडलेली जागा शोधायला शंभर माणसं लागत नाहीत, एवढं त्यातून नक्की घेता येतं. दोन जण त्याच स्क्रीनवर मागे आले की तिसऱ्याची वाट न पाहता ती बदलावी आणि तिसऱ्याला बदललेली दाखवावी.

दुसरा आक्षेप नोकरीचा आहे, आणि तो हलका मानण्यासारखा नाही. शुल्क भरलेलं असतं, बहुतेक जण नोकरी सांभाळून शिकत असतात, आणि मुलाखत घेणारा पोर्टफोलिओ उघडून आधी स्क्रीनच पाहतो. गठ्ठे आणि चिठोरे त्याला कुठे दिसणार? दिसतील, जर विद्यार्थ्याने ते दाखवायचं ठरवलं तर. पोर्टफोलिओत अंतिम स्क्रीनच्या शेजारी तिचा पहिला खर्डा ठेवावा, खाली दोन ओळींत लिहावं की कोणाला काय अडलं आणि त्यावरून काय बदललं. नॉमिनीच्या रकान्याची फॉर्मवरची जागा बदलून प्रशिक्षणाचा एक भाग कसा वाचवला, तेही लिहावं. नुसती देखणी स्क्रीन पाहून मुलाखत घेणाऱ्याला एवढंच कळतं की या उमेदवाराला उपकरण वापरता येतं. दोन खर्डे शेजारी पाहिले की त्याला विचार कळतो, आणि पुढचा प्रश्न त्यावरच येतो. मधलं काम ओबडधोबड असून चालेल, असा याचा अर्थ नाही. पण सत्राच्या पंधरा आठवड्यांतले दहा ॲनिमेशनवर गेले तर ती विभागणी चुकली, असं माझं मत आहे. तासाभराच्या कोर्सऐवजी बारा मिनिटांचा तुकडा घ्यावा आणि वाचलेला वेळ दोन्ही टोकांना द्यावा. आताशा स्टोरीबोर्ड, निवेदन आणि प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी काही मिनिटांत लिहून मिळतात, त्यामुळे मधल्या कामाची बाजारातली किंमत उतरत जाणार हे उघड आहे. शाखेत जाऊन परत आलेले फॉर्म मागणं आणि कर्मचारी ताईंच्या शेजारी गप्प बसणं हे काम मात्र तसंच माणसाचं उरतं.

तिसरा आक्षेप पद्धतीचा. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन या पाच टप्प्यांची ‘ॲडी’ म्हणून ओळखली जाणारी चौकट जुनी, संथ आणि लष्करी शिस्तीची आहे. आज लहान फेऱ्यांत काम करतात, मग सुरुवातीचं विश्लेषण आणि शेवटची चाचणी असा आग्रह कशाला? या चौकटीची मुळं १९७५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी आखलेल्या पद्धतीपर्यंत जातात. पण ‘ॲडी’चा एकच एक मूळ कर्ता किंवा मूळ ग्रंथ सापडत नाही, असं मायकेल मोलेंडा यांनी २००३ साली शोध घेऊन नोंदवलं आहे. म्हणजे तिचं सोवळं पाळण्याचं कारण नाही. फेऱ्या कितीही घ्या. प्रत्येक फेरीत कोणापुढे तरी साहित्य ठेवावंच लागतं, आणि पहिली फेरी कोणत्या अडचणीवर घ्यायची हे आधी ठरवावंच लागतं. टोकं नाहीशी होत नाहीत, जवळ येतात. खरी अडचण वेगळीच आहे. तपासाअंती ‘इथे प्रशिक्षणाची गरज नाही’ असं निघालं, तर बऱ्याच अभ्यासक्रमांच्या गुणांकनाच्या निकषांत त्याला जागाच नसते, कारण तिथे तयार मॉड्यूल मागितलेलं असतं. मग विद्यार्थी नाइलाजाने नको असलेला कोर्स बांधतो. अशा निष्कर्षाला, तो पुराव्यानिशी मांडला असेल तर, पूर्ण गुण मिळायला हवेत. फॉर्मचा नवा नमुना, काउंटरच्या काचेवर चिकटवायची एक पानाची यादी, हेही कॅपस्टोनचं फळ म्हणून मान्य व्हायला हवं.

अर्थात एक पानाची यादी देऊन मोकळं होता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गुंतागुंतीच्या प्रकरणांचं ११ टक्क्यांवरून ७ वर. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत तशा याद्या सक्तीने लागू झाल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्युदरात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यादी कशी रुजवली, टीमने ती मनापासून वाचली की नुसत्या खुणा केल्या, यावर बरंच अवलंबून असावं, असं या दोन निकालांवरून अनेकांनी म्हटलं आहे. कॅपस्टोनची सर्वांत कमकुवत जागा इथेच आहे. सत्र संपतं, पदवी मिळते, फाइल शाखेच्या हवाली होते, आणि तीन महिन्यांनी परत येणारे फॉर्म घटले की नाही, हे मोजायला विद्यार्थी तिथे नसतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही, रचनेचा आहे, आणि तो विद्यापीठाला दुरुस्त करता येतो. संस्थेशी करार एका सत्राचा न करता दोन वर्षांचा करावा. पहिल्या विद्यार्थ्याने गठ्ठे लावून ठेवावेत, मोजणीचा तक्ता आखून शाखाधिकाऱ्यांकडे द्यावा. पुढच्या तुकडीतल्या एखाद्याने त्याच शाखेत जाऊन तेच गठ्ठे पुन्हा लावावेत आणि आधीच्या मॉड्यूलचं काय झालं ते शोधणं, हाच त्याचा कॅपस्टोन असावा. पहिल्याचा अहवाल त्याच्या हाती असेलच. त्यात चाचणीच्या नोंदी, टाकून दिलेले खर्डे आणि बदलांची कारणं लिहिलेली असतील तर त्याला कुठून सुरू करायचं ते कळेल. नुसती मॉड्यूलची लिंक असेल तर त्याला परत आलेले फॉर्म पुन्हा पहिल्यापासून मागावे लागतील.